दगडूमामांनी राखलेला हिरवा ढीग

लोह्याजवळच्या शिवारात झेंडूची रोपं मान टाकत होती. उपटली की मुळं काळी, कुजलेली. प्लॉट सुनंदाताईंचा. फुलांचं त्यांचं हे पहिलंच पीक, दसऱ्यासाठी लावलेलं. सासरे दगडूमामा यांची अट होती: हे गेलं तर रान मोडून हरभरा पेरायचा आणि फुलांचं नाव पुन्हा काढायचं नाही.

मी जैविक खतांच्या लॅबमध्ये फील्ड ऑफिसर आहे. ट्रायकोडर्मा आमच्याच लॅबची. ही उपयोगी बुरशी. कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर ठेवली की वाढते. ते खत मुळाशी घातलं की मूळ कुजवणाऱ्या बुरशीला ती पसरू देत नाही. सुनंदाताईंनी तसंच केलं होतं. तरी रोपं मरत होती.

लॅबमधून आमच्या सरांचा फोन आला. प्लॉट गेला असेल तर रिपोर्ट लिहून या, म्हणाले. मी म्हटलं, आधी उरलेलं खत बघते.

ढीग कडुलिंबाखाली होता. ट्रायकोडर्मा चढली की शेणावर आधी पांढरा, मग हिरवा थर येतो. इथे थर नव्हता. वर फिकट भुकटी होती.

"मामा, ह्याच्यावर काय टाकलं?"

"औषध. हिरवी बुरशी लई चढली व्हती. बियाला लावायचं बुरशीनाशक घरात व्हतंच."

सुनंदाताई म्हणाल्या, "मामा, तीच तर वाढवून राहिले व्हते मी."

"मग सांगायचं ना. बुरशी कुनी पाळतंय का?"

बुरशीनाशकाला चांगली-वाईट बुरशी कळत नाही. शेतात गेलं ते नुसतं शेणखत.

कुजलेली रोपं वाचणार नाहीत, शेजारची वाचतील, हे मी स्पष्ट सांगितलं. रोगट रोपं उपटून जाळली. पाणी कमी केलं. गाडीत ट्रायकोडर्माच्या कल्चरची, म्हणजे विरजणाची, पाकिटं होती. नवा ढीग कोण राखणार, हा प्रश्न होता.

"मी मारली, मीच वाढवतो," मामा म्हणाले.

बुरशीनाशकाचा डबा माळ्यावर गेला. मामांनी ढिगावर ओलं पोतं टाकलं आणि कोंबड्यांना जवळ फिरकू दिलं नाही. थर हिरवा झाल्यावर खत उभ्या रोपांच्या मुळाशी घातलं.

निम्मा प्लॉट वाचला. दसऱ्याला पहिला हार गावच्या विहारात गेला, बाकी फुलं लोह्याच्या बाजारात. मोकळ्या निम्म्यात मामांनी अटीप्रमाणे हरभरा पेरला. पेरण्याआधी ढिगातलं उरलेलं हिरवं खत त्यांनी त्याच रानात मिसळलं.

आता पाकीट देण्याआधी मी विचारते, ढिगावर कुणाचं लक्ष असतं? हिरवी बुरशी आधी त्या माणसाला दाखवते.