राखीव जवान आणि स्वतःचा मोबाईल

आम्ही राखीव जवान. म्हणजे एरवी शेती, गॅरेज, शेळ्या. बोलावणं आलं की अंगात वर्दी. पूर्वी आमच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसायचं. पण ट्रेनिंग मोबाईलवर आलं, तेही ज्याच्या त्याच्या मोबाईलवर, आणि तेव्हापासून एक किस्सा संपायच्या आत दुसरा घडतो!

आता म्हणे त्याचा कायदाच येणार आहे. नांदूरघाटच्या टपरीवर चहा पिता पिता गॅरेजवाल्या दत्तानं बातमी वाचली, "राखीव जवानांना ट्रेनिंगसाठी स्वतःचा मोबाईल वापरायची परवानगी देण्याचा प्रस्ताव."

शेळ्यांवाला नामदेव दचकलाच. "परवानगी? मंग आतापस्तोर आपुन काय गुन्हा करत हुतो का बे?"

*

आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणतो. शिबिरात ते म्हणाले, काही शंका असेल तर विचारा.

दत्ता उठला. "उस्ताद, ट्रेनिंगमधी मोबाईल फुटला तर?"

"मोबाईल तुझा. तुझं तू बघ."

"अन् त्याच्यातले फोटो, नंबर, समदं?"

"ते सरकारचं!"

*

पहिला धडा गोपनीयतेचा. उघडायला गेलो तर ॲप म्हणालं, लोकेशन द्या. दिलं. फोटो बघू द्या. दिले. फोनमधले सगळे नंबर द्या. तेही दिले, काय करता! मग कुठं धडा उघडला. पहिलंच वाक्य : "आपली माहिती कोणालाही देऊ नका!"

*

नामदेवच्या घरात मोबाईल एकच, आणि तो वहिनींच्या ताब्यात. हा दिवसभर शेळ्यांमागं. मग वहिनींनीच चुलीपुढं बसून सगळे धडे उरकले, परीक्षाही देऊन टाकली. नामदेव अख्ख्या तुकडीत पहिला!

उस्ताद लई खूश. त्याला पुढं बोलावलं, पाठ थोपटली आणि म्हणाले, "सांग सगळ्यांना, शत्रू दिसला की सर्वात आधी काय करायचं?"

नामदेव सावधानमध्ये ताठ. "उस्ताद, जरा तुमचा फोन द्या. घरी इचारून सांगतो!"

*

शेवटच्या परीक्षेला मात्र आमची पाचावर धारण बसली. संध्याकाळपर्यंत दिली नाही तर नाव कटणार, आणि नेमका त्याच दिवशी गावात रेंजचा पत्ता नाही. या परीक्षेला ॲपवर स्वतःचा फोटो वर्दीतलाच लागतो, म्हणून वर्दी चढवली आणि मी, दत्ता, नामदेव थेट पाण्याच्या टाकीवर चढलो.

खाली बघता बघता गाव जमलं. कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं असावं. पोलीस आले, मागोमाग जीपमधून एक साहेब आले. त्यांनी भोंगा तोंडाला लावला.

"तरुणांनो, टोकाचं पाऊल उचलू नका! आरक्षणाचा विषय आहे का?"

"न्हाई साहेब," दत्ता वरून ओरडला, "आमी आधीच राखीव हाव!"

"मग मागणी काय?"

"रेंज!"

साहेबांनी पोलिसांकडं बघितलं, पोलिसांनी साहेबांकडं. मग भोंगा पुन्हा वर गेला. "ठीक आहे! तुमची मागणी मी आजच वर कळवतो. तुम्ही आधी खाली या!"

वहिनींकडून मागून आणलेला मोबाईल आभाळाकडं धरून नामदेव जीव तोडून ओरडला, "वर कळवू नका साहेब! वर येतीय! खालीच न्हाई!"