तपकिरी न झालेली काच

प्रयोगशाळेत तिला सगळे तपकिरीबाई म्हणत. ती तपकीर ओढायची म्हणून नव्हे. गाठींच्या पातळ चकत्या काचेवर रंगवून त्यांत तपकिरी ठिपके शोधण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. ठिपका दिसला की पेशीच्या केंद्रात ग्राही, म्हणजे संप्रेरकाला धरून ठेवणारं प्रथिन, आहे असं समजायचं. रक्तातलं संप्रेरक पेशीत शिरतं, या ग्राहीला बिलगतं, आणि मग ही जोडी जनुकांवर बसून हुकूम सोडते: तू जागं हो, तू गप्प बस. गाठ अशा हुकमावर वाढत असेल, तर गोळी देता येते. गोळी ग्राहीची जागा अडवून बसते आणि हुकूम जागच्या जागी विरतो. म्हणून त्या खोलीत ‘पॉझिटिव्ह’ हा दिलाशाचा शब्द होता.

थोरल्या जावेच्या स्तनातल्या गाठीची काच तिनंच रंगवली. काच निळीच राहिली, तपकिरी ठिपका एकही नाही. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ग्राही नक्की असलेला एक तुकडा ठेवतात. तोही कोरा निघाला तर रंग फसला म्हणायचं. आपलं काम बिघडलेलं असू दे, असं तिनं जन्मात पहिल्यांदाच मागितलं. कोपऱ्यातला तुकडा गर्द तपकिरी होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जाऊ कणीक मळत होती.

“आलीस? अगं, रिपोर्ट मिळाला. सगळं निगेटिव्ह! डॉक्टर उद्या बोलतो म्हणालेत, पण आता बोलायचं काय राहिलंय? मुलालाही कळवलं, तिकीट रद्द कर म्हणून.”

“ताई, त्याला येऊ द्या.”

“का गं? तोंड का उतरलंय? तपकीर संपली वाटतं!”

“संपली नाही. तुमच्या काचेला लागली नाही.”

जाऊ हसली. मग तिचा हात परातीत थांबला.

“म्हणजे वाईट?”

“गोळ्या बसतील अशी जागाच नाही त्या गाठीत. सलाईनमधून द्यायची औषधं आहेत. कडक असतात.”

“आणि त्यांनीही नाही भागलं तर?”

तिनं पर्समधून फोन काढला.

“लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझं एकेक वाक्य खोडत आलीस,” जाऊ म्हणाली. “आज हे एवढं एक खोड की.”

तपकिरीबाईनं मुलाचा नंबर लावला आणि फोन जावेच्या पिठाळ हातात दिला.