नाथाच्या पाटीची कडूबाई

बाहत्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या त्या वाडीत माणसांना काम नव्हतं, विहिरींना पाणी नव्हतं, पण कडूबाईला मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पन्नाशी उलटलेली बाई, पाय अनवाणी, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी. रोज सकाळी ती दारोदार हाळी देत फिरायची, "नाथाची भाकर घालाऽ!"

वाडीतल्या कानिफनाथाच्या देवळात एरवी वर्षातून एकदा भंडारा व्हायचा. आमटी देवळातल्या कढईत शिजायची आणि भाकरी घराघरातून गोळा व्हायच्या. त्या वर्षी पुजारी गोरक्षनाथ म्हणाला, "माणसं उपाशी असताना नाथ वर्षभर थांबायचा न्हाई." म्हणून भंडारा रोजचा झाला. धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. ज्यांना ते जमत नव्हतं त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची, लंगड्यापांगळ्यांची दुपारी पंगत बसायची. गोरक्षनाथाची आमटी इतकी जहाल असे, की कडूबाई त्याला तोंडावर म्हणायची, "आरं, नाथाला घाम फुटंल!" तो हसायचा आणि आणखी मूठभर मिरची टाकायचा.

पाटीत पडायच्या त्या बहुतेक रेशनवरच्या मिलो या परदेशी ज्वारीच्या भाकरी. लालभडक, आणि हात लावला की तुकडे. एखाद्या घरची पांढऱ्या ज्वारीची आली, तर पंगतीतली म्हातारी माणसं तिच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तशी बघायची.

कडूबाईचा एकच तोरा होता, आपल्या पाटीतून एकही उंबरा सुटत नाही हा. कुणी आढेवेढे घेतले, की ती दारातच उभी राहून अशी सरबत्ती करायची, की भाकरी आपोआप बाहेर यायची. माझं म्हणाल तर, एवढा तोरा बरा नव्हे. देवाच्या कामात चढलेला तोरा माणसाला दिसतही नाही.

तिच्या फेरीतलं शेवटचं घर लंकाबाईचं. बारा एकरांचं खटलं, पण त्या बारा एकरांत दोन वर्षं कुसळही उगवलं नव्हतं. नवरा सूर्यभान बैल घेऊन जनावरांच्या छावणीवर गेला होता, त्याला दीड महिना झाला होता. लंकाबाई एकटी, त्यात दोन जिवांची. पण पाटी दारात आली, की पदराखाली झाकलेली एक भाकरी घेऊन ती हसत बाहेर यायची.

एके दिवशी पाण्याचा टँकर सकाळीच आला आणि पहिल्या घरांतल्या बायका रांगेला गेल्या, म्हणून कडूबाईनं फेरी उलटी धरली. लंकाबाईचं घर पहिलं आलं. दार अर्धवट उघडं होतं. आत लंकाबाई पिठाचा डबा काठवटीवर पालथा घालून वरून थापट्या मारत होती. जे झटकून निघालं, त्याची तळहाताएवढी एक भाकरी झाली. तव्यावर दुसरी नव्हती. शेजारच्या पातेल्यात तरवट्याचा नुसता रानपाला शिजत होता. ती एकुलती एक भाकरी पदराखाली घेऊन लंकाबाई बाहेर आली, हसली आणि पाटीत घालून आत गेली.

कडूबाई सवयीनं दहा पावलं चालली आणि मग वाटेतच थांबली. पोटुशीच्या तोंडचा घास आपण रोज उचलून नेतोय आणि वर ऐटीत मिरवतोय! तिला स्वतःची लाज वाटली, भर रस्त्यात थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"पंगतीला बोलव की तिला," देवळात कडूबाईकडून सगळं ऐकून गोरक्षनाथ म्हणाला.

"बारा एकरवाली पंगतीत बसंल व्हय? जीव दील, पर बसायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा एक उंबरा सोडला. गल्लीच्या टोकाला पोचते न पोचते, तोच मागून लंकाबाई धापा टाकत आली. हातात भाकरी आणि डोळ्यांत पाणी. कुणाकडून उसनं पीठ आणलं होतं, देव जाणे.

"आत्याबाई, माजं काय चुकलं? माजाच उंबरा वंगाळ झाला का?"

कडूबाईनं पाटी पुढं केली.

वाढणारे शेवटी जेवतात, हा देवळाचा नेम. त्या दुपारी कडूबाईनं आपल्या वाट्याच्या दोन भाकरी फडक्यात बांधल्या, तांब्यात आमटी घेतली आणि थेट लंकाबाईच्या घरात जाऊन बैठक मारली.

"ताट आन. एकटीला जेवन जात न्हाई मला."

"माजं झालंय, आत्याबाई."

"मग मी बी न्हाई जेवत." कडूबाईनं फडकं बाजूला सारलं.

लंकाबाई ताट आणायला उठली नाही. शेवटी कडूबाईनं वाटेत जुळवून ठेवलेली थाप काढली, "धनी गेल्याला बारा वर्सं झाली, लंके. तवापास्नं भिंतीकडं तोंड करून गिळते. 'आजून घ्या' म्हननारं कुनी न्हाई..." बोलता बोलता तिला कळलं, की ही थाप नव्हतीच. बारा वर्षं ती सगळ्या वाडीच्या कामांत पळत होती, ते घरातल्या त्या भिंतीपासूनच.

लंकाबाई उठली. तिनं एकच ताट आणलं, भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला. आमटीनं दोघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, त्यामुळे कोण कशानं रडतंय हे विचारायची गरज उरली नाही.

"उद्यापास्नं माजं रेशनचं पीठ हितं आनते," कडूबाई नाक पुसत म्हणाली. "चूल तुजी. नाथाला भाकर दोघींची मिळून एकच जाईल."

लंकाबाई खाली मान घालून म्हणाली, "हे समदं माज्यासाठी करताय. कळतंय मला."

"व्हय," कडूबाई म्हणाली. "सकाळी तुज्यासाठीच ठरवलं हुतं. आता माज्यासाठी हाय. न्हाई म्हनू नगंस, लंके."