चुन्याचा अंगठा

माझ्या हातून प्रयोगशाळेतलं एकही काचेचं भांडं फुटलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी मला हलगर्जी म्हणेल आणि ते मी ऐकून घेणार नाही.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेचा गडी होतो. शाळा चौथीपर्यंत. बाटल्या धुवायच्या, मीठपाणी कालवायचं आणि धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, जिवंत खेकडे धरून आणायचे, हे माझं काम. खेकडे लागायचे मॅडमना. नागपूरहून आलेल्या, वयानं लहान, पण हात असा स्थिर की खेकड्याच्या डोळ्याची काप पानासारखी पातळ निघायची. त्या कापेत काचेची बारीक सुई बसवायची, अंधाऱ्या खोलीत उजेडाचा झटका द्यायचा आणि यंत्रावरची हिरवी रेघ किती उडते ते पाहायचं.

"याच्यातून भेटते काय, मॅडम?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, तलावाचं तुडूम पाहिलंय ना?" तुडूम म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायचं दार. "शेताला पाणी पुरलं की तुम्ही ते आवळता. तसंच आहे. उजेड पडला की डोळ्याच्या पेशीत कॅल्शियम वाढतं आणि तेच पेशीला आवर घालतं. म्हणून भर उन्हातही खेकड्याला दिसतं."

त्यांना दाखवायचं होतं ते एवढंच. बिनकॅल्शियमच्या पाण्यात काप ठेवली तर हा आवर ढिला पडतो. मोठा उजेड देऊन झाल्यावरही पुढच्या लहान झटक्याला रेघ उंच उडायला पाहिजे.

उडत नव्हती. पंधरा दिवस झाले, साध्या पाण्यात जेवढी तेवढीच बिनकॅल्शियमच्या पाण्यात. शनिवारी नागपूरहून त्यांचे मोठे सर येणार होते. तोवर काही निघालं नाही तर हा विषय बंद, असं त्यांनी पत्रात कळवलं होतं. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

गुरुवारी मॅडम अंधाऱ्या खोलीतून बाहेर आल्या, डोळे लाल.

"बाटल्या नीट धुता ना, भाऊ?"

"चार पाण्यानं धुतो. नख वाजवून पाहा. मले धुणं शिकवू नका."

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग स्वतःशीच बोटं मोजत बसल्या. "मग कॅल्शियम येऊन कुठून राहिलं? खडू इथं कोणी आणत नाही. हाडं नाही, शिंपले नाही, चुना..."

माझा उजवा अंगठा तेव्हा खिशात चुन्याच्या डबीवर होता.

बाराव्या वर्षापासून मी तंबाखू खातो. डाव्या तळव्यावर तंबाखू, त्याच्यावर चुना आणि उजव्या अंगठ्यानं घोटायचं. पाणी कालवायच्या बाटलीला काचेचं बूच होतं, पण हलवताना ते निसटून फुटलं तर? म्हणून मी तोंडावर तोच अंगठा दाबून बाटली खालीवर करायचो. भांडं फुटू न देण्याची माझी हुशारी ही अशी.

मी डबी खिशात आणखी खाली सारली. शुक्रवारी तंबाखूला शिवलो नाही, साबणानं हात घासले, बूच लावून पाणी कालवलं. दुपारी आतून मॅडम ओरडल्या, "उडाली! भाऊ, रेघ उडाली!" मला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळी त्या वही उघडून बसल्या होत्या.

"पंधरा दिवस नाही आणि आजच कशी? सरांना काय सांगू? कारण नसेल तर ते योगायोग म्हणतील."

मी खेकड्यांच्या टोपल्यावर ओलं पोतं टाकलं आणि घरी निघालो.

शनिवारी सर आले. उंच, कपाळावर आठ्या. वही चाळून म्हणाले, "एका दिवसाच्या रेघेवर मी सही करत नाही."

मॅडमनी मान खाली घातली. मी दारात उभा होतो. डबी काढली, तंबाखू घोटली, तोंडात टाकली. मग बिनकॅल्शियमच्या पाण्याची अर्धी बाटली घेतली, तोंडावर अंगठा दाबला आणि हलवली.

"हे कापेवर टाका," मी म्हटलं.

"काय करता हे, भाऊ?"

"टाका मनतो ना."

अंधारात आम्ही तिघं. झटका दिला. रेघ बसलेली. मग ते पाणी काढून स्वच्छ बाटलीतलं घातलं आणि वाट पाहिली. इतका वेळ गेला की मला माझाच श्वास ऐकू येत होता. झटका. रेघ उंच. सरांनी स्वतः पुन्हा पाणी बदललं, दोनदा.

दिवा लागला. "पंधरा दिवस हाच अंगठा?" सरांनी विचारलं.

"हो जी. चुन्यात तेच रायते, हे मले कोणी सांगतलं नव्हतं."

"आणि कळलं कधी?"

"परवा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. सर मात्र वहीकडे वळले. "चुना मोजून टाका," ते मॅडमना म्हणाले. "कमी, मध्यम, जास्त. रेघ किती बसते ते मला पाठवा." विषय बंद झाला नाही.

आठवडाभर मॅडम माझ्याशी कामापुरत्या बोलल्या. मी माफी मागितली नाही. त्यानंतरच्या सोमवारी अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर एक फळी ठोकलेली दिसली, डबी ठेवायला. मी ठेवली, हात धुतले. मॅडमनी माझा अंगठा धरून खिडकीच्या उजेडात नेला, नखाखालचं नीट पाहिलं. मी पाहू दिलं.