शेवटचं कडवं

पाटसच्या स्टँडवर आबांनी माझी बॅग एसटीत चढवली, पण बाजाची पेटी स्वतःच्या काखेतच ठेवली. "ही हितंच ऱ्हाऊ दे. जयंतीला येशील तवा लागंल." आबा म्हणजे माझे वडील. भीमगीतांच्या गायन पार्टीत त्यांची हयात गेली. मी सणसवाडीला कंपनीत निघालो होतो. पगारातून मागं टाकून स्टुडिओत स्वतःचं गाणं करायचं आणि पुढं गाण्यावरच पोट भरायचं, एवढंच डोक्यात होतं.

गाणं झालं. शेवटच्या कडव्यात माझं आणि गावाचं नाव गुंफलं, आबांच्या शिकवणीप्रमाणं. "नाव घातलं की गानं कुठंबी जाऊ दे, कुनाचं ते कळतंय," ते म्हणायचे. पहिल्यांदा त्यांनाच पाठवलं. त्यांनी आनंदाच्या भरात ते मोबाइलच्या दुकानात नेऊन दिलं आणि दुकानदारानं येईल त्याच्या मेमरी कार्डात भरलं. मी फोनवर चिडलो. "आपल्याच मान्सांना काय इकायचं?" आबा म्हणाले.

गाणं दौंडपासून शिरूरपर्यंत गाजलं. कंपनीच्या बसमध्ये शेजारचा बिहारी ऑपरेटरही ते ऐकायचा, आणि मी त्याच्याच शेजारी बसून शिफ्टला जायचो. कार्यक्रमाचं बोलावणं कुठूनच आलं नाही.

निदान गाव बोलावेल म्हणून जयंतीला रजा टाकून गेलो. मंडळाची पोरं प्रेमानं भेटली. "दादा, तुमचंच गानं पेनड्राइव्हला हाय की. मग पार्टी कशाला?" मिरवणुकीत माझंच गाणं लागलं, गाव बेभान नाचलं. शेवटचं कडवं तेवढं कापलेलं. तिथं कुणा डीजेचं नाव वाजत होतं. माझ्या शेजारी उभे राहून आबांनी ते कडवं उघड्या गळ्यानं म्हटलं. मलासुद्धा ते नीट ऐकू आलं नाही. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

गाव सोडलेल्यांनो, तुमचं घर तुम्हाला काय मागतं ठाऊक नाही. माझं घर गाणं मागतं. परवा आबांचा फोन आला, "नवीन काय केलंस? म्हन की." केलं होतं, कुणालाच ऐकवलं नव्हतं. खोलीचं दार लावून मी पहिली ओळ म्हटली.

"थांब, थांब," आबा म्हणाले, "रेकॉर्डिंग लावतो. पोरांना द्याया व्हईल."

कंपनीची बस आली, असं सांगून मी फोन ठेवला. त्या दिवशी मला सुट्टी होती.