चष्मेवाल्या काकूंची ओळ

चष्मेवाल्या काकूंच्या दुकानात गिऱ्हाईक आधी वाचतं आणि मग बोलतं. काकूंचा हुकूमच तसा. "हं, चौथी ओळ. अंदाजपंचे नाही, दिसेल तेच सांगायचं. ही काय परीक्षा आहे का पास व्हायला?"

अशा या काकूंनी खुद्द नवऱ्याला आठ महिन्यांत तीन चष्मे करून दिले होते. काकांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. सकाळी उठल्याउठल्या डोकं धरून बसायचे, कधी उलटीही व्हायची. काकू म्हणाल्या, फ्रेम अरुंद आहे, म्हणून रुंद दिली. मग म्हणाल्या, नंबर बदललाय, म्हणून काचा बदलल्या. तिसरा चष्मा डबीत पडला त्याच आठवड्यात काका दुकानात कोसळले. इस्पितळात कळलं, डोळे ठणठणीत आहेत. गाठ मेंदूत आहे, आणि ती कर्करोगाची आहे. वर्षभरात काका गेले.

"तीन चष्मे दिलेस माझ्या लेकाला," सासूबाई एवढंच म्हणाल्या. "तीन!"

मग काकूंनी एक काम काढलं.

विधिमंडळ कुठल्या ना कुठल्या आजाराच्या जागृतीसाठी एकेक आठवडा जाहीर करतं, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. मेंदूच्या कर्करोगाला आठवडा नव्हता. काकूंनी आमदारबाईंना गाठलं. आमदारबाई साधं बोलायच्या तेही माईकसमोर असल्यासारखं. "करू या ना! शंभर टक्के करू या! सभागृहात मी स्वतः वाचते. मसुदा तेवढा आमच्या कार्यालयातल्या साहेबांकडून लिहून घ्या."

साहेबांनी लिहिला. नाकातून आवाज काढत वाचूनही दाखवला. "ज्याअर्थी मेंदूचा कर्करोग हा एक गंभीर आजार आहे, आणि ज्याअर्थी त्याबाबत जनतेत जागृती होणे अगत्याचे आहे, त्याअर्थी..."

"जागृती कशाची?" काकूंनी विचारलं. "डोकं कधी दुखतं, नजर कशी जाते, हे कुठंय यात?"

"बाई, घोषणेत लक्षणं घालत नाहीत. तशी पद्धत नाही."

"मग आठवडा जाहीर करून लोकांनी करायचं काय? हार घालायचे?"

घरी येऊन काकूंनी नाक चिमटीत धरून साहेबांची हुबेहूब नक्कल केली. तेव्हापासून त्यांचं नाव ज्याअर्थीसाहेब. सासूबाईंना हसू फुटलं, पण त्यांनी ते लगेच गिळलं. "एवढं नाक धरतेस, तर ओळ घालून घे त्याच्याकडून."

दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेले होते, ते परत आलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला काकूंनी ओळ कागदावर लिहून नेली आणि पर्समध्ये बारका पेचकस टाकला.

साहेबांचा चष्मा सारखा घसरत होता. बोलताना त्यांचं एक बोट कायम नाकावर. काकूंना राहवेना. "काढा तो इकडे."

"अहो, पण मसुदा..."

"मसुदा कुठे पळतोय? काढा."

त्यांनी नाकाच्या गाद्या दाबल्या, दांडी सरळ केली, स्क्रू आवळला आणि चष्मा साहेबांच्या नाकावर बसवला. मग लिहून आणलेला कागद हातभर अंतरावर धरला. "वाचा. मोठ्याने. दिसेल तेच सांगायचं."

साहेब सवयीने नाकातून वाचायला लागले. "सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखत असेल, उलटी होत असेल, एका बाजूचं दिसेनासं झालं असेल, तर नुसता चष्मा बदलू नका. डॉक्टरांना दाखवा." शेवटाला येईपर्यंत आवाज नाकातून गळ्यात उतरला होता.

"कुणाचं होतं हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं. चष्मा बदलणारी मी."

साहेबांनी बोट नाकाकडे नेलं. चष्मा जागेवरच होता. बोट तसंच खाली घेतलं आणि मसुदा पुढे ओढला. "ओळीच्या आधी ज्याअर्थी लावलं," ते पुटपुटले, "तर बसेल."

सभागृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एक आमदार फोनमध्ये डोकं घालून बसले होते, दुसरे जांभई दाबत होते. वर प्रेक्षकांच्या बाकावर काकू मुठी आवळून बसल्या होत्या. आमदारबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तशा काकू बाकावरून अर्धवट उठल्या. आता कापणार. पण आमदारबाई थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि वाचू लागल्या. "आणि ज्याअर्थी सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखत असेल..." अख्खी ओळ वाचली. फोनवाल्यांनी डोकं वर केलं. बाकं वाजली. आठवडा जाहीर झाला.

काकूंनी घोषणा छापून घेतली, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत गेलेलं. जवळची नजर तपासायचं जुनं कार्ड काढून टाकलं आणि हे लावलं. पहिल्या दिवशी खुर्चीत सासूबाई येऊन बसल्या. सगळं वाचलं. 'नुसता चष्मा बदलू नका' इथे बोट ठेवून थांबल्या. काकूंनी घाई केली नाही.

"पुढे वाचा, आई."

"डॉक्टरांना दाखवा." सासूबाईंनी डोळे पुसले. "आता येईल त्याला हेच वाचायला लावणार?"

"येईल त्याला."

"मग मोठ्याने वाचायला लाव. पुटपुटतात मेले."