कालचं आठवायला लागलं तेव्हा

आमचे हे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. गडबहून मोटारसायकलवर जायचे. एका सकाळी पहिल्या शिफ्टला निघाले आणि हायवेवर म्हैस आडवी आली. डोक्याला जबर मार बसला. हे बेशुद्ध होते, त्याच दिवसांत सासूबाई गेल्या. अग्नी धाकट्या दिरांनी दिला.

शुद्धीवर आल्यावर यांना जुनं सगळं आठवत होतं. नवं मात्र काही टिकेना. जेवून हात धुतले की विचारायचे, "आज जेवायचं नाय का?" आणि दिवसातून चारदा, "आई कुठं हाय गो?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. हंबरडा फोडला यांनी. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तसंच रडणं. तिसऱ्यांदा माझी जीभच उचलेना. म्हटलं, "निडीला गेल्यात, वन्संकडं." मग वर्षभर सासूबाई निडीलाच होत्या.

पेणला एक मेंदूचे डॉक्टर यायचे. ते म्हणाले, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांतून. त्यातलं एक यांच्यात कमी पडत असावं. ही गोळी ते टिकवून धरते. काहींना गुण येतो, पण खात्री देत नाही."

दीडेक महिना काही नाही. मग एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. यांनी आईचं विचारलं, मी नेहमीचं उत्तर दिलं.

"काल पण तू हेच बोललीस," हे म्हणाले.

आधी आनंदाने माझ्या हातातलं सूपच निसटलं. यांना काल आठवत होता! तेवढ्यात हे म्हणाले, "फोन लाव तिला."

सांगावंच लागलं. या वेळी दुसऱ्या दिवशीही यांच्या ते लक्षात होतं, तिसऱ्याही. "मी खांदा पण दिला नाय," एवढंच म्हणायचे. दिरांना घेऊन न्हाव्याकडे गेले, डोकं भादरून आले. माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मी ताट ठेवायची, हे भिंतीकडे बघत जेवायचे.

पुढच्या महिन्यात मोरीत चक्कर येऊन पडले. त्या गोळीमुळे नाडी फार मंद झाली होती. डॉक्टरांनी गोळी बंद केली. "जिवापेक्षा मोठं काय आहे?" म्हणाले.

हळूहळू काल पुसट होत गेला. एकदा आरशासमोर उभं राहून, अजून खुरट्याच असलेल्या केसांवरून हात फिरवत यांनी विचारलं, "माझं केस कोणी काढलं गो?"

"उकाडा होता म्हणून तुम्हीच काढलेत," मी म्हटलं.

मागल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, दुसरं औषध येतंय, वाट बघू. मी मान हलवली. ते यावं की येऊ नये, मला खरंच कळत नव्हतं. हे शेजारी बसून मला विचारत होते, आपण इथं कशाला आलोय.